बेंबीतला खडा

आते,

कशी आहेस? तुझे गुडघे आता दुखत नसतील, तिथे चढउतार नाही म्हणतात. काकाचा खोकला थांबला का? विडी मिळत नसेल तर थांबलाच असेल, मिळत असेल तर तूच कुठंतरी लपवून ठेव. माझ्या आयच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळायचं, ते आता कसं आहे? आणि आजी? तिच्याशी तू अजून ओरडूनच बोलतेस, की तिथे सगळ्यांना सगळं ऐकू येतं? तसं असेल तर मला हे लिहायची गरजच नव्हती. इकडे आम्ही बरे आहोत. माझा माणूस हल्ली होडीवर जात नाही. ओट्यावर बसून जाळं सांधतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला भरतीची वेळ सांगतो, कुणी विचारो न विचारो. थोरला बोईसरला कारखान्यात लागलाय, त्याला पित्त होतं. धाकटीला दुसरी मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. आणि मला चष्मा लागलाय. तू म्हणशील, हिला कशाला चष्मा, ही काय कचेरीत जाते? अगं, हे पत्र मीच लिहितेय, माझ्या हातानं! तू गेल्यावर मी अक्षरं शिकले. मासळी बांधायला जी रद्दी आणायचो ना, तिच्यावरून. आधी दुकानांच्या पाट्या, मग रद्दी, मग पुरवण्या. ओल्या कागदावरची अर्धी बातमी वाचायची आणि उरलेली अर्धी मनानं जुळवायची. चुका असतील तर गोड मानून घे, तुला तरी कुठं वाचता येतं.

आता बातमी ऐक. केव्हापासून पोटात मावत नाही माझ्या. तो खडा खरा होता, आते. तू म्हणाली होतीस ते अक्षर न् अक्षर खरं होतं. आणि माझ्या हातानं काही पसरलं नाही. तुझ्याही हातानं नाही! एवढं आधी लिहून टाकलं, आता बाकीचं नीट सांगते. नाहीतर तू म्हणायचीस तसं, हिचं सांगणं म्हणजे जाळ्यातला खेकडा, कुठून धरावा कळत नाही.

तुझ्या चुलीपाशी मी बेंबी बसवायला शिकले ते दिवस मला हातात आठवतात, डोक्यात नाही. कुणी जड उचललं, पाय मुरगळून पडलं, की पोटात कळ, जुलाब, अन्नावरची वासना गेलेली. मग बेंबी सरकली म्हणत सकाळी अनशापोटी तुझ्याकडे यायचे. तू त्यांना उताणं झोपवायचीस, दोरा धरून बेंबीपासून दोन्हीकडचं माप घ्यायचीस, कोमट तेल लावून अंगठ्यानं ठोका शोधायचीस. ठोका बेंबीखाली लागला की झालं. उठवून पेज पाजायची, दोन घास निमूट खाली उतरले तर माणूस घरी. घेणंदेणं काही नाही, आभारसुद्धा मानायचे नाहीत. मला शिकवताना तू भाकरीच्या पिठाचा गोळा मळायचीस, त्यात चिंचोका लपवायचीस आणि म्हणायचीस, "डोळे मीट. कुठं हाय सांग." मी घाईनं दाबायचे. तू माझ्या हातावर चापट मारायचीस, "माणूस हाय तो, परातीतलं पीठ नाय! हात ठेव आन गप ऱ्हा. पोट आपणहून बोलतं." सहा महिने मी त्या गोळ्यावर हात ठेवून गप्प राहिले तेव्हा कुठं मला चिंचोका न दाबता कळायला लागला. त्या पिठाच्या भाकऱ्या आपण खायचो, आणि एकदा काकाच्या दाताखाली चिंचोका आला होता. केवढा ओरडला होता!

आणि मग ती. तिला मी इथंही नावानं लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. माझ्याच वर्षी लग्न होऊन आली, शेजारचं घर. टोपल्या घेऊन आम्ही दोघी बोईसरच्या बाजारात बसायचो. तेव्हा तिकडे नुसते नवे कारखाने उठत होते आणि गिऱ्हाईक हिंदीत भाव करायचं. ती त्यांना मराठीतच हाणायची. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली तेव्हा तिचं जेवण तुटलं. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची. मी चेष्टा करायचे, "काय गं, नवऱ्याच्या आधी चोरून जेवतेस काय?" तशी ती हसायची. मग अंग वाळलं आणि पोट तेवढं वाढायला लागलं. तिची सासू खूश, पोरीच्या पाठीवर आता पोरगा होईल म्हणून. तिला मात्र माहीत होतं तसं काही नाही. तिला वाटलं बेंबी सरकली. नवऱ्यानं तुझ्याकडे आणली. मी तेल कोमट करत होते.

तू हात ठेवलास आणि लगेच उचललास. एवढ्या लवकर तू कधी हात उचलला नव्हतास. म्हणालीस, "या पोटाला मी हात नाय लावणार. दवाखान्यात ने."

तिचा नवरा म्हणाला, "का? आमी काय परके हाव?"

"खडा हाय बेंबीत. तो आपला नाय."

"खडा नाय, राग हाय तुमच्या पोटात. वलांडीच्या जागेचा."

बोंबील वाळवायच्या वलांडीवरून त्याच हंगामात तुमच्या दोन घरांत भांडण झालेलं होतं. तो तेच धरून बसला. तिला उठवून घेऊन गेला. तू त्याला एक शब्द उलट बोलली नाहीस. मग भांडी घासताना मला म्हणालीस, "हिच्या आयला पण असाच खडा व्हता. वैतरण्याकडनं आणलेली. मी तवा नवीन, मला काय कळतंय? सात दिस हात लावला. ती गेली. माझ्या हातानं आत पसरलं का काय, देव जाणे." एवढं बोलून तू राख पुन्हा घेतलीस आणि तेच पातेलं परत घासलंस.

ते मी ऐकलं होतं. ऐकूनसुद्धा मी गेले, आते. तिसऱ्या दिवशी तिनं मला कुडाआडून हाक मारली. "तुजा हात तिचाच हाय. तू कर ना." सासू होडी लागायच्या वेळी किनाऱ्यावर जायची, तेवढ्या वेळात. तीन सकाळी मी तिच्या पोटाला तेल लावलं. बेंबीत खरंच बोरीच्या बीएवढं टणक काहीतरी होतं, कडेला लालसर. मी दाबलं नाही असं स्वतःला सांगत आले. पण हात ठेवला होता, फिरवला होता. दवाखान्यात तिला नेलं ते महिना उलटल्यावर. परत आणली ती पडवीतच ठेवली, ताट वेगळं, तांब्या वेगळा. कॅन्सर ताटातून लागतो म्हणे. पावसाच्या आधी ती गेली.

गावानं काय केलं ते तुला सांगायला नको. हात आखडला म्हणून बाई मेली. वलांडीच्या रागापायी. विहिरीवर, बंदरावर, लग्नाच्या मांडवात सगळीकडे तेच. तुझ्याकडे येणारे कमी झाले, मग थांबले. आणि मी, जिचा हात त्या पोटावर फिरला होता, ती गप्प. मला एकच भीती. तुझ्या हातानं तिच्या आयचं पसरलं असेल, तर माझ्या हातानं तिचं पसरलं. वीस वर्षं होत आली. कुणाची बेंबी बसवताना अंगठा पोटावर ठेवला की मला पहिल्यांदा तेच आठवायचं.

आता या वर्षाचं. दिवाळीनंतर बोईसरहून एक कामगार आला, चाळिशीचा, उत्तरेकडचा, मागावर काम करणारा. माझ्या थोरल्यानं पाठवला. "माई, नाभी उखड़ गई है, दो कौर में पेट भर जाता है." दोन कौर! मी त्याला झोपवलं. हात ठेवला. आणि आते, तो खडा! तोच! माझा हात तुझ्यासारखाच वर आला, मी न उचलता. तो हसून म्हणतो, "क्या हुआ माई, करंट लगा क्या?" मी म्हटलं, "बाबा, चल उठ, पालघरला जायचंय." "आज तो छुट्टी नहीं है." "छुट्टी मी घालते तुझी." तसाच एस. टी.त घातला त्याला, वाटेत त्यानं मला शेंगा घेऊन दिल्या, मला त्या गिळवेनात.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या धाकटीच्या वयाच्या. त्याला तपासून बाहेर आल्या आणि विचारलं, "याला कुणी आणलं?" मला वाटलं आता बोलणी बसणार. म्हटलं, "मी. पण मी हात नाही लावला हो, फक्त ठेवला." त्या म्हणाल्या, "बेंबी पाहून तुम्ही ओळखलंत? मावशी, माझ्याबरोबर शिकलेले डॉक्टरसुद्धा कधी कधी ही बेंबी पाहायला विसरतात." मग मला आत नेलं, त्या माणसाला विचारून माझं बोट धरलं आणि त्याच्या डाव्या बाजूला, गळ्याखालच्या हाडाच्या वर, खळगीत ठेवलं. "इथं बघा." चिंचोका! पिठातला चिंचोका होता तिथं! पुढे आठवडाभरानं त्याच्या बेंबीतल्या गाठीचा तुकडा तपासून आला आणि बाईंचं म्हणणं पक्कं झालं. तेव्हा मी पुन्हा गेले, आणि वीस वर्षांचं सगळं त्यांच्यापुढे ओतलं. त्यांच्या चहावर साय धरली तोवर.

त्यांनी मला कागदावर काढून समजावलं. पोटाचा कॅन्सर बहुतेकांत गाठ होऊन वाढतो, जखम होते, नळी आत घातली की दिसतो. पण एक विरळा प्रकार आहे, त्यात गाठ होतच नाही. त्याच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, सुट्या सुट्या होऊन जठराच्या भिंतीत शिरतात. वरून भिंत जवळजवळ चांगली दिसते, पण आतून जाड आणि ताठ होत जाते. मी मध्येच म्हटलं, "म्हणजे खारवलेल्या मासळीत मीठ मुरतं तसं! मीठ दिसत नाही, पण मासळी घट्ट." बाईंनी पेन खाली ठेवलं. "अगदी तसं. आणि ताठ झालेलं जठर फुगेल का?" नाही फुगणार! घोळ माशाच्या पोटातली पिशवी नाही का, ओली असते तोवर फुग्यासारखी, वाळली की कातडं, तिच्यात काय भरणार? म्हणून दोन घासांत पोट भरायचं तिचं. ती चोरून जेवत नव्हती, आते. मी चेष्टा करत होते.

मग पसरतं कसं ते सांगितलं. भिंतीतून बाहेर पडलं की पोटाच्या पोकळीत बी सांडावं तसं सांडतं. पोकळीत पाणी साचतं. बायकांत कधी अंडाशयावर जाऊन बसतं आणि तिथं मोठं होतं, तेव्हा घरच्यांना वाटतं दिवस गेले. अंगातल्या रसाच्या बारीक वाटांनी वर चढून डाव्या खळगीत येतं. आणि कधीमधी बेंबीत येऊन खडा होतो. मी विचारलं, "हातानं पसरतं का? तेल लावून, चोळून?" बाई म्हणाल्या, "मावशी, बेंबीत खडा लागला म्हणजे ते आधीच पसरलेलं असतं. तो खडा म्हणजेच पसरणं. तुमचा हात पोचला तेव्हा ते सगळीकडे जाऊन आलं होतं. चोळू नये, दुखतं आणि वेळ जातो, हे खरं. पण पसरवलं तुम्ही नाही. तुमच्या आत्यांनीही नाही. आणि ताटातून, तांब्यातून तर नाहीच नाही." मी तिथंच रडले, आणि रडता रडता हसायला लागले. बाहेर बाकावर तो मागवाला बसला होता, तो घाबरून विचारतो, "माई, मेरा इतना खराब है क्या?" मला शरम वाटली बघ. माझं ओझं उतरत होतं आणि त्याचं चढत होतं. त्याला बाईंनी खोटी आशा दिली नाही. पोटातलं पाणी काढून आराम दिला, औषधं दिली, आणि वेळेत भावाला तार करायला लावली. भाऊ येऊन त्याला गावी घेऊन गेला. जाताना माझ्या पाया पडला. मी त्याच्या पोटाकडे बघू शकले नाही.

पण बाईंनी मला सोडलं नाही. विचारलं, "तुमच्या मैत्रिणीच्या आईलाही असाच खडा होता म्हणालात ना? नक्की? मग रक्ताचं आणखी कोण आहे?" हा प्रकार काही घरांत आईकडून मुलीकडे येताना दिसतो म्हणे. आते! तिची पोरगी! आपल्या गावची, आता माकुणसारला दिलेली. आय गेली तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती, आता तिलाच दोन मुलं. म्हणजे तिच्याकडे जायला हवं, आणि का ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर तुझा खडा सांगायला हवा, आणि माझा हातही. दोन दिवस मी घरात नुसती भांडी वाजवत फिरले. माझा माणूस म्हणाला, "जा तरी, नायतर पातेली पोचे पडून मरतील." गेले.

ती अंगणात कुळीथ पाखडत होती. तिला सगळं सांगितलं, एका दमात, तुझ्या नकारापासून माझ्या तीन सकाळींपर्यंत. तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "काकी, त्या तीन सकाळींचं मला म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"आयनं. पडवीत असताना. म्हणायची, तुज्या काकीनं तेल लावलं तेवढ्या तीन दिशी झोप लागली. कुणाला सांगू नको, तिला बोल लागेल."

मी म्हटलं, "मग माझ्या आतेला सगळं गाव बोलत होतं तेव्हा..."

"तुमी कुठं बोललाव?" ती म्हणाली. मग सूप खाली ठेवून, "आन मी पण कुठं बोलले." मी अंगणात सांडलेलं कुळीथ वेचायला लागले. मग तिनं डोळे पुसले आणि एकदम भांडल्यासारखी म्हणाली, "नळी कवा घालायची ते सांगा. आन मी एकटी नाय जाणार, तुमी हात धरायचा."

मुंबईहून नळीवाले डॉक्टर महिन्यातून एकदा पालघरला येतात. मी तिचा हात धरला, तिनं माझी बोटं अशी आवळली की दोन दिवस भाकरी थापता आली नाही. पाच-सहा ठिकाणचे बारीक तुकडे घेतले, कारण हा आजार लपतो. आणि काल रिपोर्ट आला. काही नाही! एकही वाईट पेशी नाही! बाईंनी वाचला, मग मी चष्मा लावून स्वतः वाचला, अक्षर अक्षर लावून, इंग्रजीतलं बाईंकडून वदवून घेऊन. दर वर्षी पुन्हा यायचं आहे, आजचं चांगलं म्हणजे कायमचं चांगलं असं नाही, हे बाईंनी दोनदा बजावलं. येऊ की! बाहेर येऊन आम्ही दोघींनी दोन-दोन वडे खाल्ले, ती तिसरा मागत होती आणि मी तिच्याकडे बघत होते, दोन घासांनंतरही खाणाऱ्या तिच्याकडे. तिसरासुद्धा दिला. आज सकाळी ती इथं आपल्या गावात, दांडीला आली आणि विहिरीवर भरल्या बायकांत मोठ्यानं म्हणाली, "माज्या आयचं पोट काकीच्या आतेनं वळखलं व्हतं, तुमच्या एकाही शाण्यानं नाय." कुणीतरी पुटपुटलं, तर तिनं बादली आपटली. मीही बोलले, तीन सकाळींचं सगळं. कुणी मला काही म्हटलं नाही. एका म्हातारीनं फक्त विचारलं, "मग माझा हा वायगोळा बघशील का?"

आता एकच उरलंय, ते गावाला सांगून भागत नाही. तिच्या बाराव्यानंतर तू तांदूळ निवडत बसली होतीस, मी समोर होते. मान वर न करता तू विचारलंस, "तू तर हात नाय ना लावलास?" मी म्हटलं, "नाय." तू म्हणालीस, "बरं." आणि तांदूळ निवडत राहिलीस. त्यानंतर सहा वर्षं तू गावाचं सगळं ऐकून घेतलंस. "मी नकार दिला कारण खडा होता," एवढं एक वाक्यही परत कुणाला ऐकवलं नाहीस. तेव्हा मला वाटायचं, तुझा मानच मोठा. आता वाटतं, तू तोंड उघडलं असतंस तर पुढचा प्रश्न कुणीतरी विचारला असता, की मग तिच्या पोटाला तेलाचा वास कुणाचा होता.

हे पत्र पेटीत टाकायला पत्ता नाही, म्हणून घडी घालून ट्रंकेत ठेवतेय. तुला तेव्हा ठाऊक होतं का, आते? मी खोटं बोलले होते. काय ते लवकर लिहून कळव.